कर्ज बोहल्याआधीचं आणि बोहल्यानंतरचं

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत कोरडवाहू शेतीवर किंवा मजुरीवर चालणाऱ्या घरात लग्न ठरू लागलं, की सुपारी फुटण्याआधीच पैशाची जुळवाजुळव सुरू होते. कुणी सावकाराकडे जातं, कुणी ऊसतोडीच्या मुकादमाकडे, कुणी हप्ता न्यायला दारात येणाऱ्या फायनान्स कंपनीकडे, कुणी बचत गटाकडे. पीककर्ज म्हणून उचललेला पैसाही अनेकदा बस्त्यात आणि मांडवात जातो. या कर्जाबद्दल दोन मतं सगळीकडे ऐकू येतात. ऐपत नसताना कर्ज काढून संसार मांडू नये, हे एक. गरिबानं कर्जाशिवाय संसार मांडायचा म्हटलं तर तो मांडताच येणार नाही, हे दुसरं. दोन्ही मतं प्रामाणिक आहेत, म्हणून इथे ती दोन माणसांच्या तोंडी दिली आहेत. नांदेडकडचे एक निवृत्त गुरुजी, सत्यशोधकी विचारांत वाढलेले. आणि लातूर तालुक्यातल्या बचत गटांचे हिशेब पाहणाऱ्या एक ताई. माणसं कल्पित आहेत, मुद्दे खरे आहेत. माझं म्हणणं दोघांपेक्षा थोडं वेगळं आहे, ते मी मध्ये मांडत जाणार आहे.

गुरुजी : ताई, मला आडपडदा ठेवून बोलता येत नाही. ज्याच्या घरात किराणा उधारीवर येतो, त्यानं लग्नासाठी कर्ज काढू नये. तुमच्याच तालुक्यातलं भिसे वाघोली आठवा. जानेवारी २०१६ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१७ मध्ये त्या एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांच्या लेकींनी जीव दिला. आपल्या लग्नाच्या आणि हुंड्याच्या खर्चानं बाप आणखी खोलात जाईल, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. आपण नुसतं हळहळलो. आता साधा हिशेब करू. सावकाराकडून दोन लाख रुपये शेकडा तीननं घेतले, तर महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२ हजार नुसतं व्याज. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. तेवढं व्याज भागवायला २३१ दिवस राबावं लागतं, आणि केंद्राच्या कायद्यातली हमी होती १०० दिवसांची. शेतात हंगामात मजुरी जास्त मिळते हे मला ठाऊक आहे, पण हंगाम बारा महिने नसतो. थोडी जमीन असेल तर सोयाबीनवर भिस्त. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावानं विकलं तरी दोन लाखांसाठी ४१ क्विंटल लागतात, आणि त्या हंगामात लातूरच्या आडतीवर भाव बराच काळ हमीभावाच्या खालीच होता. मुद्दल तसंच उभं, व्याज चढतं आणि नव्या जोडप्याच्या संसाराचा पहिला दिवसच वजाबाकीनं सुरू होतो. याला संसार मांडणं कसं म्हणायचं?

ताई : गुरुजी, हा हिशेब आमच्या बायांना तोंडपाठ आहे. शाळा शिकलेल्या नसतील, पण शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. तरी त्या कर्ज काढतात, कारण त्यांच्यापुढं ‘कर्ज की बिनकर्ज’ असा पर्याय नसतो. कर्ज नको म्हणलं की पोरगी एक तर घरात थांबते, नाही तर लवकर जाते. लवकर जाते हे नीट ऐका. पोरगी लहान असली की मागणी कमी असते. थोरलीच्या मांडवात धाकटीचंही उरकून घ्यायचं, एकाच खर्चात दोन लग्नं, हा आमच्याकडं कर्ज टाळायचाच मार्ग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. यातल्या कितीतरी लग्नांमागं बापानं वाचवलेला पैसा आहे. तुम्ही काटकसर म्हणता, ती कुणाच्या अंगावरून केली जाते तेही बघा की. आणि तो शेकडा तीनचा दर कायदेशीर कुठं आहे? २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, बिगरशेतकऱ्याला १८ टक्क्यांची. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या मजुराला कायद्यानंच जास्त व्याज. तरी या दरानं मिळालं तर तुमचे २३१ दिवस अर्ध्यावर येतात. पण परवानाधारक सावकार लग्नाला पैसे देतो कुठं? देतो तो बिनपरवाना, आणि तारण म्हणून जमिनीचं खरेदीखत करून घेतो.

गुरुजी : त्या खरेदीखताविरुद्ध त्याच कायद्यात दाद आहे. जिल्हा उपनिबंधक चौकशी करून जमीन परत देण्याचा हुकूम काढू शकतो.

ताई : काढू शकतो, आणि काही जणांच्या जमिनी परत मिळाल्याही आहेत. पण तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या पोरीच्या लग्नाला त्याच सावकाराकडं जायचं असतं.

गुरुजी : म्हणूनच मी म्हणतो, मुळात खर्चच नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलंसुद्धा. दीडशे वर्षं झाली त्याला. हुंड्याविरुद्ध कायदा १९६१ चा आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे; तीस दिवसांची नोटीस द्यायची आणि निबंधकापुढं सही करायची. सरकारची शुभमंगल योजना आहे. सामूहिक किंवा नोंदणी पद्धतीनं लग्न केलं तर शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या लेकीला दहा हजार मिळायचे, २०२४ पासून ते २५ हजार झाले. मार्ग इतके असताना माणूस सावकाराचा उंबरा का झिजवतो? लोक काय म्हणतील, एवढंच ना?

ताई : सामूहिक लग्नात मांडव वाचतो, आचारी वाचतो, डीजे वाचतो. देणंघेणं वाचत नाही. ते बैठकीतच ठरलेलं असतं आणि आधीच पोचतं झालेलं असतं. आमच्याकडं आता हुंडा हा शब्द कुणी काढत नाही. पोशाख म्हणतात, मानपान म्हणतात, पोराच्या गाडीला मदत म्हणतात, आणि सोनं तर सोनंच. त्या सोन्याचं जरा बघा. बैठकीत मागणी तोळ्यांत होते आणि मजुरी रुपयांत मिळते. २०२० च्या सुरुवातीला तोळा चाळीस हजारांच्या आसपास होता. २०२०-२१ ला रोजगार हमीची मजुरी २३८ रुपये. म्हणजे एका तोळ्याला १६८ दिवसांची मजुरी. २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पुढं गेला आणि मजुरी ३१२ वर आली. म्हणजे तेव्हा एका तोळ्याला ३२० दिवस. बैठकीत मागणी तेवढीच राहिली, ‘दोनच तोळे घाला’ असंच म्हणायलेत, पण पोरीच्या बापाचा बोजा पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. सरकारनं २५ हजार केले ते चांगलंच केलं. त्या पैशात पाव तोळासुद्धा येत नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. लग्नाच्या उधळपट्टीमुळे कुणबी कर्जबाजारी होतो, हे मत आजचं नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर इंग्रज सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढेही हेच मत मांडलं गेलं होतं. आयोगाने ते मान्य केलं नाही. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने मोठा वाटतो हे खरं, पण तो आयुष्यात क्वचित येतो, आणि त्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तितकं महत्त्व दिलं गेलं आहे, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. तेव्हाचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि आयोगाच्या कक्षेत नव्हता, तरी हा निष्कर्ष इथल्या चर्चेला उपयोगी आहे. कर्जाचा दोष माणसाच्या हौसेवर टाकला की पाऊस, भाव, व्याजदर आणि पतपुरवठा हे सगळे त्यातून सुटतात. आजही तसंच चाललं आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाखाची मदत द्यायची की नाही हे ठरवताना नापिकी आणि बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज पाहिलं जातं. मुलीच्या लग्नासाठी बिनपरवाना सावकाराकडून घेतलेलं कर्ज त्या चौकटीत बसत नाही, आणि अशी प्रकरणं ‘अपात्र’ ठरण्याची वाट मोकळी होते. खुद्द रिझर्व्ह बँकेने किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना त्यात घरखर्चासाठी दहा टक्के धरले आहेत. शेतकऱ्याच्या घरात संसारही असतो हे तिथे मान्य आहे, पण ते दहा टक्के लग्नाला पुरणारे नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबांच्या एकूण कर्जापैकी ५७.५ टक्केच शेतीकामासाठी घेतलेलं होतं. उरलेल्यात घरबांधणी आहे, आजारपण आहे, शिक्षण आहे आणि लग्नं आहेत. २०१७ आणि २०१९ या दोन्ही कर्जमाफ्या शेतीकर्जासाठी होत्या. या उरलेल्या कर्जापर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

म्हणून ‘कर्ज काढू नका’ हा उपदेश मला अपुरा वाटतो. पण ताईंचं ‘कर्ज काढावंच लागतं’ हे म्हणणंही मी आहे तसं स्वीकारत नाही. कारण त्यांनी अजून एका खर्चाचा बचाव केलेला नाही, आणि तो सगळ्यात अवघड आहे.

ताई : तो पण करते. तुम्ही लोक ज्याला दिखावा म्हणता, तो गरिबाचा विमा असतो. लग्नाला आले ते उद्या दवाखान्यात येतात. ज्यानं आहेर केला, त्याच्या घरी कार्य निघालं की आपण करतो. आहेराच्या वहीत गावाचं आणि सोयऱ्यांचं सगळं नातं लिहिलेलं असतं. ज्याच्या लग्नाला कुणी आलं नाही, त्याच्या अडचणीलाही कुणी येत नाही. ही भीती खोटी नाही. आणि पोरगी परगावी द्यायची असते. तिच्या मागं कोण उभं आहे, हे सासरला दिसावं लागतं. चार पाहुण्यांसमोर लग्न लागलं तर उद्या तिला मारलं-झोडलं तेव्हा बोलायला कोण जाणार?

गुरुजी : हे तुमचं बोलणं मी हसण्यावारी नेणार नाही. कर्नाटकातल्या कुंभार कुटुंबांच्या लग्नखर्चाचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. जावई परगावचा असला की लग्न जास्त थाटाचं होतं, असं त्यात दिसलं. आपल्याला कोणता सोयरा मिळाला ते गावाला कळावं म्हणून. म्हणजे माणसं वेडी नाहीत, त्यांच्या खर्चामागं विचार असतो. पण ताई, तुमचा हा विमा नेमका कधी चालतो? एकाचं घर जळालं, एकाचा बैल मेला, एकाच्या घरात आजारपण आलं, तेव्हा चालतो. सगळ्यांवर एकदम संकट आलं की चालत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या वर्षी आहेराच्या वहीतली सगळी नावं एकाच दुष्काळात होती. कोण कुणाला परत करणार? उलट ज्यानं दुष्काळाच्या आदल्या वर्षी कर्ज काढून आहेर घेतले आणि केले, त्याच्यावर व्याज चढत राहिलं. मराठवाड्यात संकट वाटून येत नाही, सगळ्या शिवारावर एकदम येतं. अशा मुलखात सोयऱ्यांवर उभा केलेला विमा, आणि तोही कर्ज काढून, मला पटत नाही.

या एका मुद्द्यावर गुरुजी बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि ताईंनाही ते अमान्य करता येऊ नये. पण त्यांच्या उत्तरातूनच खरा प्रश्न पुढे येतो. कर्ज किती आणि कशासाठी, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ते फेडतो कोण, आणि घेताना त्याला कुणी विचारलं होतं का, ही चर्चा करत नाही. बाप सही करतो किंवा अंगठा देतो. फेड मात्र धाकट्या बहिणीच्या थांबलेल्या शिक्षणातून होते, भावाच्या स्थलांतरातून होते, आणि मुलाकडचं कर्ज असेल तर त्या घरात नव्याने आलेल्या सुनेच्या श्रमातून होते. ऊसतोडीत हे सगळ्यात उघड दिसतं. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर, रेणापूर या तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास जोडपी कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष अर्धा कोयता. म्हणजे लग्न झालं की उचल मिळण्याची पात्रता येते, आणि लग्नासाठी घेतलेली उचल फेडायला ज्या मुलीशी लग्न झालं तिलाच फडात उतरावं लागतं. जानेवारी २०२४ मधल्या समझोत्यानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीने एक लाख उचल घेतली असेल तर ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर साडेचार महिने, म्हणजे अख्खा हंगाम. मधली खर्ची वेगळी, आजारपणाचे खाडे वेगळे. फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. त्या मुलीने ना पैसे घेतले, ना हातात पाहिले. वेठबिगारी देशात १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे. कर्जापोटी श्रम बांधून घेणं हाच त्या कायद्यातला गुन्हा आहे, आणि उचलीचा प्रत्येक व्यवहार त्यात बसतो असं नसलं, तरी लग्नाची उचल त्याच्या फार जवळ जाते.

माझं म्हणणं यातून येतं. बोहल्याआधीचं कर्ज आणि बोहल्यानंतरचं कर्ज ही दोन वेगळी कर्जं आहेत. आधीचं कर्ज दोन घरांच्या बैठकीत ठरतं, त्याची रक्कम समोरच्याच्या मागणीने ठरते, आणि फेडणाऱ्यांचं मत त्यात नसतं. नंतरचं कर्ज जोडप्याला स्वतः मागता येतं. खोलीचं डिपॉझिट, गॅस आणि भांडी, शिलाई मशीन, दोन शेळ्या, मोंढ्यावर हातगाडा, बाळंतपणाची तयारी. ही रक्कम लहान असते, ती कशावर खर्च झाली ते दिसतं, आणि बहुतेक वेळा तिच्यातून चार पैसे येण्याची किंवा वाचण्याची शक्यता असते. कमी मिळकतीच्या माणसाने संसारासाठी कर्ज काढू नये असं मी म्हणणार नाही. ते लग्न लागल्यानंतर, दोघांच्या सहीने आणि पैशातच फेडायचं असावं, एवढं म्हणतो आहे.

गुरुजी : कागदावर छान आहे. पण लग्नानंतरचं कर्ज द्यायला तर फायनान्सवाले दारात उभेच आहेत. त्यांनी काय केलं ते शेजारी बघा. आंध्रात २०१० साली हप्त्यांच्या तगाद्यानं माणसं मेली आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. तेव्हा त्याच राज्यात असलेला तेलंगणा आमच्या देगलूर-बिलोलीच्या पलीकडंच आहे. आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये लहान कर्जांचा जो मोठा प्रयोग तपासला, त्यात काय निघालं? काहींचे धंदे थोडे वाढले, पण घराचा एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, बायकांचं घरातलं स्थान यात म्हणावा असा फरक दिसला नाही. मग लग्नानंतर कर्ज घेतलं म्हणून काय उजेड पडणार?

ताई : त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे गुरुजी. फरक पडला नाही म्हणजे सगळे बुडाले असंही नाही. कर्जानं चमत्कार होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चमत्कार मी मागतच नाही. खरी भीती दुसरीकडं आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केला : वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्म कर्ज द्यायचं, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत. आता कुटुंब कुणाला म्हणायचं? नवरा, बायको आणि त्यांची बिनलग्नाची लेकरं. म्हणजे पोराचं लग्न झालं की त्या कागदावर नवं कुटुंब तयार होतं, आणि आईच्या नावावर दोन कर्जं असली तरी सुनेच्या नावावर नवं निघू शकतं. हळद उतरायच्या आत तिचं आधार कार्ड मागायला लागतात. पैसे कशाला गेले? तर लग्नाची बाकी भागवायला. म्हणून नुसतं ‘लग्नानंतर’ म्हणून भागत नाही. तारीख पुढं गेली आणि कर्ज तेच राहिलं, असं होऊ शकतं.

ताईंनी माझ्याच मांडणीतली फट दाखवली आहे आणि ती बुजवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लग्नाची बाकी सुनेच्या नावावर वळवणं हे बोहल्याआधीचंच कर्ज आहे, भले त्यावर नंतरची तारीख असो. ते ओळखायची खूण एकच : पैसा जोडप्याच्या हातात येऊन जोडप्याच्या वस्तूवर गेला, की जुनं देणं फेडायला गेला. हे दारावर येणाऱ्या वसुली कर्मचाऱ्याला तपासता येत नाही, त्याला तपासायचंही नसतं. बचत गटाला येतं, कारण कुणाच्या घरी काय आलं आणि कुणाचं काय थकलं हे गटातल्या बायकांना आधीच माहीत असतं. उमेद अभियानातल्या गटांना बँकेचं कर्ज सवलतीच्या व्याजाने मिळतं, आणि गटाने आपसात महिन्याला एक-दोन टक्के घेतले तरी ते व्याज गटातच राहतं. त्याशिवाय निम्म्या उत्पन्नाची मर्यादा नव्या संसाराला फार सैल आहे. महिन्याला बारा हजार कमावणाऱ्या जोडप्याने सहा हजार हप्ता भरायचा, तर उरलेल्या सहा हजारांत भाडं, धान्य आणि पहिल्या वर्षातलं गरोदरपण बसवायचं. पहिली दोन वर्षं हप्ता उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवला पाहिजे, आणि बाळंतपणाच्या महिन्यांत थांबवता आला पाहिजे. शेतीकर्जाला दुष्काळात मुदतवाढ मिळते, तशी ही.

नव्या जोडप्यांना कर्ज देण्याचा विचार जगात नवा नाही, आणि त्याचा इतिहास सावध करणारा आहे. जर्मनीत नाझी सरकारने १९३३ साली लग्नासाठी हजार मार्कांपर्यंत बिनव्याजी कर्ज सुरू केलं. बायकोने नोकरी सोडायची ही अट, आणि प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. हंगेरीत २०१९ साली जोडप्यांना एक कोटी फोरिंटपर्यंतचं कर्ज सुरू झालं, आणि तिसऱ्या मुलानंतर ते माफ. दोन्हीकडे मोबदल्यात बाईचं शरीर मागितलं गेलं, कमी किंवा अधिक सक्तीने. आपल्याकडे हेच मुकादम मागतो, फक्त मुलांऐवजी उसाच्या टनांत. म्हणून सरकारने थेट ‘विवाह कर्ज’ द्यावं ही मागणी मला धोक्याची वाटते. असं कर्ज निघालं की बैठकीतली मागणी त्याच आकड्यापर्यंत चढेल.

गुरुजी : आणि ‘लेक लाडकी’चं काय? एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं एक लाख एक हजार, त्यातले ७५ हजार अठरा पूर्ण झाल्यावर. मला भीती वाटते, सोयरे त्या ७५ हजारांचा हिशेब आत्ताच धरून ठेवतील.

ताई : भीती खरी आहे. पण पैसा मुलीच्या नावावर येणार आहे, ही गोष्ट लहान नाही. त्या दिवशी ती कॉलेजात असली तर फीला जाईल, घरात बसलेली असली तर बैठकीत जाईल. तिला अकरावी-बारावीपर्यंत पोचवायला एसटीचा पास आणि गावाजवळ कॉलेज लागतं. ते असलं तर त्या ७५ हजारांचं रक्षण आपोआप होतं.

गुरुजी : बरं, बाळंतपणाच्या कर्जाचं तुम्ही समर्थन करता. पण सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती फुकट आहे, सिझेरियनसुद्धा. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे पाच हजार आहेत. मग कर्ज कशाला?

ताई : तुम्ही नांदेडचे, तुम्हीच सांगा. सप्टेंबर २०२३ संपता संपता विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण गेले, त्यात बारा नवजात बाळं होती. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, तेलंगणातून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण होते हे मान्य. पण त्यानंतर कुठल्या सासूनं सुनेला तिथं न्यायचं धाडस करावं? ती दागिना मोडते, हातउसने घेते आणि खाजगीत जाते. या कर्जाला मी चूक म्हणणार नाही. पण याच्यावर गटाचं कर्ज हा इलाजही नाही. तालुक्याच्या ठिकाणी रात्री भूलतज्ज्ञ आणि लेकरांचा डॉक्टर हजर असला, तर हे कर्ज निम्म्या घरांत निघणारच नाही.

इथे दोघांचं एकमत झालं, आणि माझंही त्यात आहे. बोहल्यानंतरच्या कर्जांतलं सगळ्यात मोठं कर्ज दवाखान्याचं असतं. ते कर्जाची सोय वाढवून कमी होणार नाही. पण लग्नाचं तसं नाही. तिथे सरकारी डॉक्टर लागत नाही, इमारत लागत नाही. मागणी करणारे आणि मागणी पुरवणारे एकाच गावात, एकाच समाजात, कित्येकदा एकाच गटात बसतात.

गुरुजी : मग गटानं करायचं काय? नुसते ठराव मी चाळीस वर्षं ऐकले आहेत.

ताई : ठराव नाही, कर्जाचा नियम. लग्नाच्या आधी लग्नासाठी कर्ज द्यायचं नाही. लग्न नोंदवल्याचा दाखला आणला की तीन महिन्यांच्या आत जोडप्याला अर्ज करता येईल. सही दोघांची, पैसे सुनेच्या खात्यावर, वस्तू गटाला दाखवायची. जुनी बाकी भागवायला मिळणार नाही. आणि ज्या घरानं देणंघेणं घेतलं, त्या घराला दोन वर्षं गटाचं कोणतंच कर्ज नाही, खताला नाही, म्हशीला नाही.

गुरुजी : घेतलं हे सिद्ध कोण करणार? मुलीचा बाप तर बोलणार नाही. बोलला तर सोयरीक मोडते.

ताई : बापाला बोलायची गरजच पडणार नाही. गावात कुणाच्या अंगणात नवी गाडी उभी राहिली, कुणाच्या पोराच्या बोटात अंगठी आली, हे दहा बायांना त्याच दिवशी कळतं. अडचण तिथं नाही. अडचण अशी की त्या दहा बायांमध्ये पाच जणी लग्नाच्या पोरांच्या आया आहेत. पोरीच्या लग्नात त्यांनी स्वतः कर्ज काढलंय, आणि पोराच्या लग्नात ते वसूल करायचं हे त्यांच्या मनात पक्कं आहे. नियमाच्या बाजूनं पहिलं मत त्यांचंच पडायला पाहिजे, आणि ते मिळवायला मला त्यांच्याच घरी जाऊन बसावं लागणार आहे.

गुरुजी : कुणाच्या घरापासून सुरुवात करणार?

ताई : गटाच्या अध्यक्षबाईंच्या. त्यांच्या पोराची बैठक याच तुळशीच्या लग्नानंतर आहे.